गाडी वळवून आणतो

शनिवारी सकाळी निघायचं, जमेल तितकी नवी राजधानी बघायची, रात्री धाकट्या भावाकडे मुक्काम करायचा आणि रविवारी आईला घेऊन परत यायचं, एवढा साधा बेत होता. एका दगडात दोन पक्षी. त्यात भिण्यासारखं काही असेल असं कोणाच्या स्वप्नातही आलं नसतं. आणि गंमत बघा, ज्यांच्या बाबतीत हे घडलं त्या दोघांना अजूनही सांगता येत नाही की आपण त्या दिवशी घाबरलो होतो की नुसते गोंधळलो होतो. रात्र नव्हती, पाऊस नव्हता, वाट चुकलेली नव्हती. लख्ख ऊन होतं.

नवऱ्याचं ड्रायव्हिंग स्कूल होतं, म्हणून सगळं गाव त्याला मास्तर म्हणायचं. बायको चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. ‘हे स्पष्ट दिसतं की हे? आता बघा, पहिलं की दुसरं?’ असं दिवसभर विचारून विचारून तिला घरीसुद्धा प्रत्येक गोष्ट दोनदा विचारायची सवय लागली होती. घरातली मोठी सून म्हणून सासरी तिला थोरली म्हणत. आपणही थोरलीच म्हणू.

गाडी शिकवणीचीच होती. टपावर लाल ‘एल’ची पाटी, आणि शेजारच्या सीटच्या पायाशी दुसरा ब्रेक. शिकाऊ माणूस घाबरला की मास्तरनं तो दाबायचा. पण दोघं कुठं जायला निघाली की मास्तर स्टिअरिंगवर आणि थोरली शेजारी, म्हणजे तो ब्रेक आपोआप तिच्या पायाखाली. लग्न झाल्यापासून मास्तरचा एकच विनोद होता, “सगळ्यांच्या बायका नवऱ्याला ब्रेक लावतात, माझ्या बायकोला कंपनीनंच बसवून दिलाय.”

सासूबाई माणूस म्हणून गोड. पण बोलायला लागल्या की नळ उघडा राहिल्यासारखं. आणि प्रवासात तर विचारूच नका. ‘अरे, ते पाणी बघ, थांबव जरा. अरे, त्या झाडाला काय फुलं आलीत, थांबव जरा.’ मास्तर कधी थांबायचा नाही. दिवसभर नवशिक्यांच्या हातात जीव देऊन बसलेल्या माणसाला घरी आल्यावर शांतता हवी असायची, आणि दिवसभर गप्प बसलेल्या म्हातारीला संध्याकाळी बोलायला माणूस हवं असायचं. चूक कोणाचीच नव्हती. दोघांच्या मध्ये थोरली, अडकित्त्यातल्या सुपारीसारखी.

थंडीचे महिने सासूबाई धाकट्याकडे होत्या. तो नव्या सचिवालयात विजेचं काम बघायचा आणि तिथंच सरकारी घरात राहायचा. आता त्याला कामासाठी बाहेरगावी पाठवणार होते, त्याची बायको माहेरी जाणार होती, म्हणून आईला परत न्यायचं.

“पुन्हा सुरू होणार आता,” गाडी गावाबाहेर पडताना मास्तर म्हणाला.

“काय?”

“काही नाही.”

थोरलीनं ते ऐकलं, आणि तिलाही मनातून तसंच वाटत होतं म्हणून ती पुढं काही बोलली नाही.

चढण संपली आणि रस्ता एकदम रुंद झाला. इतका रुंद की मास्तर हसून म्हणाला, “इथं माझे विद्यार्थी डोळे मिटून पास होतील.” मोकळ्या माळावर आधी शहर बांधलं होतं, मग माणसांना बोलावलं होतं, आणि माणसं अजून यायचीच होती. दोन्ही बाजूंना पांढऱ्या इमारती, सगळ्या एका साच्यातल्या. गवत कापलेलं, कडेचे दगड रंगवलेले, दिव्यांचे खांब ओळीनं उभे. नव्या रंगाचा, भिजलेल्या गवताचा आणि तापलेल्या डांबराचा वास. आणि शांतता. एखाद्या घरात शिरावं आणि आतली माणसं नुकती बोलायची थांबली आहेत असं वाटावं, तशी.

सिग्नल लाल झाला. चारी दिशांना चिटपाखरू नव्हतं, पण मास्तर थांबला, मास्तरच तो. समोर एक कारंजं चाललं होतं. पाणी वर जायचं, कोणी बघत नाही असं बघून खाली यायचं.

“माणसं कुठायत हो?” थोरलीनं विचारलं.

“शनिवार आहे. सगळे आपापल्या गावी पळाले असतील.”

तेही खरंच होतं.

वसाहतीच्या फाटकापाशी पहारेकरी खुर्चीतून उठला. गाडीकडे, टपावरच्या पाटीकडे आणि मग आत वाकून दोघांकडे त्यानं पाहिलं आणि ओळखीचं हसला.

“काय साहेब, काही राहिलं वाटतं?”

“काय राहिलं?”

“नाही, लगेच वळून आलात म्हणून म्हटलं.”

“आम्ही आत्ताच येतोय,” मास्तर म्हणाला.

“हो हो, आत्ताच,” म्हणून पहारेकऱ्यानं फाटक उघडलं. मोठ्या माणसाशी वाद कशाला घाला, असा त्याचा चेहरा होता.

दार धाकट्यानं उघडलं. थोरलीला वाटलं होतं तो ‘या या’ म्हणेल. तो नुसता बघत राहिला. मग म्हणाला, “अरे? काय विसरलात?”

मास्तर हसला. “जेवायला विसरलो. आत तरी घे.”

“दादा, मी दहा वेळा म्हटलं जेवून जा. तेव्हा तूच नको म्हणालास.” धाकटा दारातून बाजूला झाला. “आई गाडीतच बसलीय का? उन्हात कशाला बसवलंस तिला?”

मास्तरचं हसू अर्ध्यावर राहिलं. “आई? आई आत असेल ना.”

दोघं भाऊ एकमेकांकडे बघत राहिले. आतून त्याची बायको, धाकटी, ओले हात पुसत आली आणि थोरलीला बघून तीही तशीच थबकली.

“ताई, चष्मा राहिला का आईंचा? मी सगळं बघून दिलं होतं.”

थट्टा म्हटलं तर चौघांपैकी कोणीच थट्टेखोर नव्हतं. थोरली सरळ आतल्या खोलीत गेली. पलंगावरची चादर घडी करून उशीवर ठेवलेली. खुंटी रिकामी. पलंगाखाली सासूबाईंची हिरवी बॅग असायची, तिथं धुळीत फक्त तिचा चौकोन. खोलीत अजून त्यांच्या केसांच्या तेलाचा वास होता.

ती स्वयंपाकघराच्या दारात आली. ओट्यावर ट्रेमध्ये चहाचे कप होते, विसळायला काढलेले. एका कपावर बशी उपडी घातलेली होती.

आता ही खोड थोरलीची. शेवटचा घोट ती कधी पीत नसे आणि कपावर बशी उपडी घालत असे, का ते तिलाही माहीत नव्हतं. या घरात दुसरं कोणीच तसं करत नव्हतं. तिनं बशी उचलली. तळाशी घोटभर चहा होता. कपाला हात लावला तर तो अजून कोमट होता.

“कोण आलं होतं?” तिनं विचारलं.

धाकटी म्हणाली, “तुम्ही... तुम्ही दोघं. ताई, असं काय करता? इथं बसला होतात, या स्टुलावर. निघताना तुम्ही मला जवळ घेतलंत.” तिनं मान खाली घातली. “मला तेव्हाच नवल वाटलं होतं. तुम्ही कधी असं करत नाही.”

बाहेर धाकट्याचा आवाज चढला होता. “माझ्यासमोर बसून गप्पा मारल्यास तू! किती वर्षांनी अशा मारल्यास ते मलाच माहीत. आईची बॅग स्वतः उचललीस. म्हणालास, हिला तळं दाखवायचंय, म्हणून लवकर निघतो. आणि आता विचारतोस आई कुठंय? दादा, तुला बरं वाटतंय ना?”

“फोन लाव,” थोरली म्हणाली. “आईंना फोन लावा आधी.”

मास्तरनं फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा केला. खूप वेळ वाजला. मग गाडीचा आवाज आला, काचा उघड्या असताना येतो तसा वारा, आणि सासूबाईंचा हसरा आवाज.

“अरे, काय चावटपणा आहे? पुढं बसून मागच्या सीटला फोन करतोस?”

मास्तरनं हातातल्या फोनवरचं नाव पुन्हा वाचलं.

“ठेव तो फोन. दुसऱ्यांना शिकवतोस ना, गाडी चालवताना बोलू नये म्हणून?”

“आई...” मास्तर म्हणाला. “आई, तू कोणाबरोबर आहेस?”

पलीकडे एक बाई हसली. हळू, मोकळं हसू. थोरलीनं ते ऐकलं आणि ती फोनजवळ वाकली. ते हसू तिच्या ओळखीचं होतं. बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं, इतकंच.

मग तिकडून एक पुरुष म्हणाला, “कोण आहे गं आई?”

“कोण म्हणजे काय,” सासूबाई म्हणाल्या, “तूच आहेस.”

आणि फोन बंद झाला. पुन्हा लावला तर लागेना.

धाकटी मटकन खाली बसली. धाकट्यानं तिला पाणी दिलं आणि मग तो भावाकडे वळला तेव्हा त्याचा राग कुठल्या कुठं गेला होता. मास्तर त्याच्यासमोर उभा होता आणि मास्तरचाच आवाज फोनमधून आला होता, हे त्यानंही ऐकलं होतं.

“मी इथंच थांबतो,” तो म्हणाला. “आली तर आली. तुम्ही तळ्याकडे बघा. सरळ रस्ता, मग मोठं सर्कल, त्याच्या डावीकडे... नाही, उजवीकडे. सगळे रस्ते सारखेच आहेत रे इथले. मलाही अजून नीट...”

फाटकातून बाहेर पडताना पहारेकऱ्यानं पुन्हा हात केला. या वेळी तो हसला नाही.

तळं शहराच्या मधोमध होतं, तेही बांधलेलं. कडेला फरशी, फरशीवर ओळीनं बाक. एक माळी पाइपानं गवताला पाणी घालत होता. मास्तरनं गाडी थांबवली तसा तो स्वतःहूनच जवळ आला.

“फडकं नको परत करायला साहेब, राहू द्या.”

“कसलं फडकं?”

“आजींचे पाय पुसायला नेलंत ते.” त्यानं पाण्याच्या कडेला हात केला. “आजी खूश झाल्या बघा. साहेब स्वतः त्यांचा हात धरून पायरीवर बसले. इथं कोणी असं पाण्याशी बसत नाही. कोणी येतच नाही.”

फरशीवर ओल्या पावलांचे ठसे होते. म्हातारीची छोटी पावलं, शेजारी बुटांचे ठसे. ऊन इतकं कडक होतं की थोरलीच्या डोळ्यांदेखत ते कडेनं वाळत चालले होते.

“कुठं गेलो आम्ही?” थोरलीनं विचारलं. आपण काय विचारलं हे तिला विचारल्यावर कळलं.

माळ्यानं पाइप दुसऱ्या हातात घेतला. तो एक पाऊल मागं सरला. “त्या बाजूला... सर्कलकडे.”

ते सर्कल म्हणजे एक मैदानच होतं. मधे उंच गवत, गवतात झाडं, आणि भोवतीनं रस्ता. बाहेर फुटणारे रस्ते सगळे एकसारखे, प्रत्येकाच्या टोकाला पांढरी इमारत. मास्तर आत शिरला आणि फिरू लागला. कुठल्या रस्त्यानं आलो हे अर्ध्या फेरीतच कळेनासं झालं.

“ते बघा,” थोरली म्हणाली.

गवताच्या पलीकडे, झाडांच्या मधून, एक गाडी चालली होती. टपावर लाल पाटी. आपल्याच वेगानं, आपल्याच दिशेनं.

मास्तरनं वेग वाढवला. पलीकडच्या गाडीनं घाई केल्यासारखं वाटलं नाही, पण अंतर होतं तेवढंच राहिलं. तो हळू झाला तर तीही हळू झाली. झाडं संपून मोकळं गवत आलं की ती दिसायची, झाडं आली की लपायची. मास्तरच्या कपाळावर घाम होता. गाडीच्या बाबतीत आजवर तो कधी गोंधळला नव्हता.

“ती आपल्या पुढं आहे... का मागं आहे?”

“मला काय माहीत! तुम्ही चालवताय!”

“वर्तुळात कसं सांगणार... पुढं म्हटलं तर पुढं...”

पुन्हा मोकळं गवत आलं, आणि या वेळी ती गाडी जवळ होती. कशी कोण जाणे, खूप जवळ. मागच्या काचेतून सासूबाईंचा पांढरा अंबाडा दिसला. त्यांच्या पुढं दोन डोकी. डावीकडची बाई वळली. मागं बसलेल्या माणसाशी बोलायला वळतात तशी सहज वळली, आणि तिची नजर सासूबाईंच्या खांद्यावरून पलीकडे आली, काचेतून बाहेर, थेट थोरलीवर.

थोरलीला लोकांच्या डोळ्यांत बघायची सवय. तो तिचा धंदाच. त्या डोळ्यांत काही भयंकर नव्हतं. राग नव्हता, चमक नव्हती, काही नव्हतं. त्या बाईला तिची कीव आली होती, इतकंच.

थोरलीनं दुसरा ब्रेक दाबला. पूर्ण ताकदीनं.

गाडी किंचाळून थांबली. मास्तरचं डोकं पुढं गेलं. “वेडी झालीस का? का दाबलास? होती ना हाताशी!”

तिचा पाय अजून ब्रेकवरच होता. मान वर केली तेव्हा रस्ता रिकामा होता. सर्कलभर फक्त गवत हलत होतं, आणि वारा तर नव्हता.

मग तिला बाक दिसला. सर्कलमधून फुटणाऱ्या एका रस्त्याच्या तोंडाशी बसथांबा होता. नवा कोरा, काचेचा. त्या रस्त्यावर अजून बस सुरूच झाली नव्हती. थांब्याच्या सावलीत, गुडघ्यांशी हिरवी बॅग धरून, सासूबाई बसल्या होत्या.

दोघं गाडीतून उतरून धावली. सासूबाईंनी मान वर केली, डोळ्यांवर हात धरला.

“आलात? बराच वेळ लावलात गं.”

“आई!” मास्तर त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसला. “आई, तू इथं कशी? कोणी आणलं तुला?”

“तुम्हीच की. म्हणालात, इथं सावलीत बस, गाडी वळवून आणतो.” त्यांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. पायांवर अजून ओल होती, आणि मांडीवर माळ्याचं फडकं घडी करून ठेवलेलं होतं. “का रे, असा का ओरडतोस? मघाशी किती छान होतास.”

मास्तरनं बॅग उचलली. थोरलीनं त्यांचा हात धरला. हात उबदार होता, नेहमीसारखा, शिरा वर आलेल्या. कुठंच काही वेगळं नव्हतं. तिनं दोनदा बघितलं.

धाकट्याकडे कोणी परत गेलं नाही. फोनवर “सापडली” एवढं सांगितलं आणि सूर्य कलायच्या आत ते शहर मागं टाकलं. वाटेत कोणी बोललं नाही. सासूबाईसुद्धा नाही. एकदा उताराला पिवळ्या फुलांचं एक झाड आलं, आणि मास्तरनं आपण होऊन गाडी हळू केली.

“बघायचंय का आई? थांबू?”

“नको,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला उशीर होईल.”

त्या दिवसानंतर मास्तर बदलला, हे खरं. तो संध्याकाळी आईपाशी बसू लागला, न कंटाळता त्याच त्या गोष्टी ऐकू लागला. पण गोष्टीच आटल्या होत्या. सासूबाई विचारलं तेवढं बोलत. पाहुण्याच्या घरी राहावं तशा राहत, स्वतःचं ताट स्वतः धुऊन ठेवत. धाकटा फोन करायचा आणि त्या दिवसाचा विषय काढायचा नाही. मास्तरनं एकदाच विषय काढला. म्हणाला, “आईलाच भास झाला असेल, आणि तिच्यामुळे सगळ्यांना.” थोरली ‘हो’ म्हणाली. फोनमध्ये जे ऐकलं ते कोणाच्या भासात बसवायचं, हे तिनं विचारलं नाही.

पुढं एक दिवस सासूबाई म्हणाल्या, चष्म्यातून धूसर दिसतंय. थोरली त्यांना दुकानात घेऊन गेली. गिऱ्हाईक नव्हतं. तिनं त्यांना खुर्चीत बसवलं, हनुवटी टेकवायला सांगितली आणि यंत्राचा उजेड उजव्या डोळ्यावर टाकला.

सासूबाईंच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू मागंच काढला होता. शस्त्रक्रियेच्या दिवशी थोरली स्वतः बाहेर बसली होती, पट्टीही तिनंच सोडली होती, थेंब तिनंच घातले होते. त्या डोळ्यात आता बसवलेलं भिंग दिसायला हवं होतं.

उजव्या डोळ्यात भिंग नव्हतं. मूळचा, म्हातारपणानं गढुळलेला डोळा होता.

तिनं उजेड डावीकडे नेला. डाव्या डोळ्यात, नीट मधोमध, ते भिंग होतं. जुनी, बरी झालेली शस्त्रक्रिया.

“हे स्पष्ट दिसतं की हे?” सवयीनं तिच्या तोंडून निघालं, पण काचा बदलायला तिचा हात उठला नाही.

तिनं यंत्राचा दिवा बंद केला. छोट्या काळोख्या खोलीत दोघी समोरासमोर बसल्या. बाहेर रस्त्यावर कोणीतरी शटर ओढलं.

“आई,” तिनं हळूच विचारलं, “त्या दिवशी... गाडीत तुमच्याबरोबर कोण होतं?”

“तुम्ही.”

“आणि मग बाकापाशी... आम्ही आलो ते?”

सासूबाईंनी चष्मा उचलून डोळ्यांवर चढवला. मग त्यांनी थोरलीचा हात हातात घेतला आणि थोपटला, लहान मुलाची समजूत घालतात तसा.

“तुम्हीही वाईट नाही गं. फार करता माझं. तो बिचारा रोज येऊन बसतो माझ्यापाशी.” त्या थांबल्या. “मला सगळ्याची सवय झालीय आता. फक्त एक कळत नाही... विचारू का नको असं रोज वाटतं.”

“काय?”

“तुमची आई,” त्या म्हणाल्या. “तुमची स्वतःची. तिला शोधायला का नाही गेलात तुम्ही?”

थोरलीनं त्यांना घरी आणलं. मास्तरला काही सांगितलं नाही. रात्री दोघं झोपल्यावर ती स्वयंपाकघरात आपला फोन हातात घेऊन बसली. त्यात ‘आई’ या नावाखाली सासूबाईंचा नंबर होता. त्यांचा फोन तिच्या डोळ्यांसमोर, फडताळावर, चार्जिंगला लावलेला होता. नंबर लावला तर इथंच वाजणार. दुसरीकडे कुठं वाजेल?

तरी तिनं तो आजवर लावलेला नाही.